आईचा ॲप्रन

नमस्कार श्रोतेहो.

आज एका फोटोपासून सुरुवात करते. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, म्हणून तो तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

साल १९१२. गाव व्हान, ऑटोमन साम्राज्याच्या पूर्व टोकाचं, आजच्या तुर्कस्तानातलं. फोटोग्राफरच्या स्टुडिओत एक बाई खुर्चीवर बसली आहे. डोक्याला रुमाल बांधलेला. हात मांडीवर. पुढ्यात पायघोळ ॲप्रन, त्यावर फुलांची नक्षी. तिच्या शेजारी आठेक वर्षांचा एक मुलगा उभा आहे. अंगात कोट, हातात फुलांचा अगदी लहानसा गुच्छ. दोघं सरळ समोर बघतायत आणि दोघंही हसत नाहीत.

बाईचं नाव शुशान. मुलाचं नाव व्होस्तानिक आदोयान. राहणारी मंडळी व्हान सरोवराच्या काठच्या खोर्गोम गावची, आर्मेनियन. मुलाचा जन्म १९०४च्या आसपासचा. आसपासचा म्हणते, कारण पुढे तो स्वतःच कधी हे साल सांगायचा, कधी ते.

मुलाचे वडील या फोटोत नाहीत. ते १९०८ सालीच अमेरिकेला गेले होते. ऑटोमन सैन्यात सक्तीची भरती होईल या भीतीनं अनेक आर्मेनियन पुरुष तेव्हा असेच निघून गेले. तर हा फोटो त्यांच्यासाठी होता. बायकोनं नवऱ्याला पाठवलेला. आम्ही इथं आहोत, पोरगं एवढं मोठं झालंय, आमच्याकडे लक्ष असू द्या, एवढं सगळं त्या एका फोटोत होतं. ज्यांच्या घरातला कर्ता माणूस परगावी राहिलेला आहे, त्यांना मी याहून जास्त सांगायची गरज नाही.

फोटो पाकिटात गेला, पाकीट बोटीनं अमेरिकेला गेलं. आणि गेलं म्हणून वाचलं. हे लक्षात ठेवा श्रोतेहो, पुढे लागणार आहे. तो फोटो अमेरिकेला गेला, म्हणून वाचला.

जाता जाता एक सांगते. तुमच्या घरी जुने फोटो असतील, तर आज जेवणं झाल्यावर ते काढा आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा. कोण, कुठे, कधी. शाईनं लिहू नका, ती पुढच्या बाजूला उमटते. आमच्याकडे आजीच्या ट्रंकेत एका लग्नातला फोटो आहे, चौदा माणसांचा. त्यातली नऊ माणसं कोण हे सांगणारं आता कुणीही उरलेलं नाही. मला त्या नऊ जणांचं फार वाईट वाटतं. असो.

फोटो काढल्यानंतर तीनच वर्षांनी, १९१५ साली, तुर्की राज्यकर्त्यांनी आर्मेनियन लोकांचा संहार सुरू केला. २४ एप्रिलला राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, आर्मेनियन लेखक, संपादक, पुढारी यांची धरपकड झाली. गावोगावच्या पुरुषांना मारलं गेलं. बायका, मुलं, म्हातारी माणसं यांना सिरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं. किती माणसं मेली? अनेक अभ्यासक दहा ते पंधरा लाखांच्या दरम्यानचा आकडा देतात. आजही जगभरचे आर्मेनियन २४ एप्रिलला आपल्या मृतांना आठवतात.

याला कुणी दंगल म्हणतं, कुणी युद्धातली धामधूम म्हणतं. मला ते पटत नाही. दंगल आठवड्याभरात विझते. इथं हुकूम निघाले होते, तारा गेल्या होत्या. याला वंशसंहार म्हणायचं. आणि हा शब्द इंग्रजीत तयार झाला १९४४ साली, राफाएल लेमकिन नावाच्या पोलिश ज्यू वकिलानं तो घडवला, आणि तो घडवताना त्याच्या मनात आर्मेनियनांची गोष्ट होती. १९४४. हेही साल ध्यानात असू द्या.

व्हानच्या आर्मेनियनांनी शहर लढवलं. महिनाभर वेढ्यात तग धरली, मग रशियन फौज आली. पण उन्हाळ्यात तीच फौज मागे फिरली, आणि मागोमाग हजारो माणसं घरदार सोडून रस्त्याला लागली. त्यात शुशान होती, व्होस्तानिक होता, त्याच्या बहिणी होत्या. दोनशे-अडीचशे किलोमीटर चालत ती माणसं आजच्या आर्मेनियात, येरेव्हानकडे पोचली.

थोरल्या बहिणी पुढे अमेरिकेला गेल्या. मागे राहिली आई, व्होस्तानिक आणि धाकटी वार्तूश. १९१८-१९चा तो हिवाळा येरेव्हानमध्ये दुष्काळाचा, टायफसचा. निर्वासितांनी शहर भरलेलं, खायला काही नाही. १९१९च्या मार्चमध्ये शुशान गेली. उपासमारीनं गेली. मुलगा तेव्हा पंधराच्या आसपासचा.

पुढच्या वर्षी, १९२०च्या फेब्रुवारीत, भाऊ-बहीण न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरले. वडील भेटले. बारा वर्षांनी भेटले, पण दोघांमध्ये माया अशी कधी जुळलीच नाही. मुलगा मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनला बहिणीकडे राहिला, रबराच्या कारखान्यात कामाला लागला. मग चित्रकला शिकला. आणि १९२४च्या सुमारास न्यूयॉर्कला जाताना त्यानं नावच बदलून टाकलं. व्होस्तानिक आदोयानचा झाला आर्शिल गॉर्की. गॉर्की म्हणजे रशियन भाषेत कडू. लोकांना तो सांगायचा, मी रशियन लेखक मॅक्झिम गॉर्कीचा नातेवाईक. आता गंमत अशी की मॅक्झिम गॉर्की हेही टोपणनाव, त्या लेखकाचं खरं नाव पेश्कोव्ह. म्हणजे या मुलानं ज्या घराण्याशी नातं जोडलं, ते घराणं कुठे अस्तित्वातच नव्हतं.

त्याला खोटारडा म्हणणारे पुष्कळ होते. मी म्हणणार नाही. ज्या नावाच्या माणसांना मारत मारत देशाबाहेर काढलं, ते नाव परक्या शहरात रोज उच्चारायला काय लागत असेल, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि आता तो फोटो. अमेरिकेला गेला म्हणून वाचलेला फोटो. वडिलांकडे असलेला तो फोटो या तरुण चित्रकाराच्या हाती आला. विचार करा. आई गेली, गाव गेलं, घर गेलं, आणि हातात येतो तो आईनं वडिलांना पाठवलेला कागद. त्यात आई बसलेली आहे, आणि शेजारी आपण उभे आहोत, हातात फुलं घेऊन.

१९२६च्या सुमारास त्यानं त्या फोटोवरून चित्र रंगवायला घेतलं. नाव, ‘चित्रकार आणि त्याची आई’. एक नाही, दोन चित्रं, दोन्ही मोठी. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमधल्या स्टुडिओत ती वर्षानुवर्षं उभी होती. एकावर तो दहा वर्षं काम करत राहिला. दुसऱ्यावर तर १९४२च्या आसपासपर्यंत. काळ किती कठीण! महामंदी आलेली, रंग घ्यायला पैसे नाहीत. मधल्या काळात सरकारी योजनेतून त्यानं न्यूअर्क विमानतळासाठी दहा भित्तिचित्रं केली. ती पुढे रंगाखाली झाकली गेली, आणि दोनच सत्तरच्या दशकात पुन्हा सापडली. त्याही दिवसांत आईचं चित्र स्टुडिओत होतंच.

त्याची कामाची रीत ऐका. रंग लावायचा. वाळू द्यायचा. मग ब्लेड घेऊन तो खरवडायचा, हळूहळू, पृष्ठभाग चिनी मातीच्या बशीसारखा गुळगुळीत होईपर्यंत. मग त्यावर पुन्हा रंग. पुन्हा वाळू द्यायचा, पुन्हा खरवडायचा. लावायचा आणि खरवडायचा, लावायचा आणि खरवडायचा. आईच्या चेहऱ्यावर त्यानं असा किती वेळा हात फिरवला असेल!

चेहरा पूर्ण झाला. रुमाल झाला. मोठे, काळेभोर, कुठेच न बघणारे डोळे झाले. पण हात? फोटोत आईचे हात स्पष्ट आहेत, बोटं दिसतात. चित्रात हातांच्या जागी नुसते फिकट, पांढरट आकार. बोटं नाहीतच. दोन्ही चित्रांत नाहीत. रेखाटनात हा माणूस इतका तयार, की त्याला हात जमेनात असं कुणी म्हणू शकणार नाही. समीक्षकांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. मला वाटतं, उपाशी माणसाचे हात शेवटी कसे होतात ते त्यानं पाहिलं होतं. फोटोतले भरलेले हात काढले तर ते खोटं, आणि पाहिलेले हात काढवत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट, तो ॲप्रन. फोटोतल्या ॲप्रनवर फुलांची नक्षी आहे, मघाशी सांगितलं. चित्रात ती नक्षी नाही. ॲप्रन कोरा. एकही फूल नाही. फुलं आहेत ती फक्त मुलाच्या हातात.

ही दोन चित्रं कधी बघायला मिळाली, एक न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे, दुसरं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात, तर जवळ जाऊन बघा. आणि कृपा करून आधी डोळ्यांनी बघा, फोन मग काढा. हल्ली चित्रापुढे उभं राहून माणसं चित्राकडे पाठ करतात, ते मला बघवत नाही.

आर्मेनियन माणसं आपल्याला इतकी परकी नाहीत, हेही सांगायला हवं. मुंबईत फोर्टमध्ये, जुन्या मेडोज स्ट्रीटवर, त्यांचं १७९६चं चर्च आहे. आणि आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक छापलं गेलं ते मद्रासला, १७९४ साली. व्यापारी लोक, जातील तिथे छापखाना आणि प्रार्थनाघर उभं करणारे.

तर गॉर्की. १९४१ साली त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. आणि चित्रं बदलली. खोर्गोमची बाग त्यांत यायला लागली. त्या बागेविषयी त्यानं १९४२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयासाठी लिहून दिलं होतं. त्यात एक वठलेलं, पवित्र मानलेलं झाड आहे. येणारे-जाणारे अंगावरच्या कपड्याची पट्टी फाडून त्या झाडाला बांधायचे. वाऱ्यावर त्या चिंध्या हलायच्या. तुम्हा-आम्हाला असं झाड समजावून सांगायला नको.

शेवटची दोन-तीन वर्षं मात्र त्याला फार जड गेली. १९४६ साली स्टुडिओला आग लागून चित्रं जळाली, त्याच वर्षी कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. १९४८च्या जूनमध्ये मोटार अपघातात मान मोडली, रंगवायचा हात काम देईना. संसारही मोडला. २१ जुलै १९४८ला त्यानं आपलं आयुष्य संपवलं. वाचलेल्या माणसाची गोष्ट सांगताना हा भाग गाळायची पद्धत आहे. मी गाळणार नाही. त्यानं जे उभं केलं ते यामुळे कमी होत नाही, आणि त्याच्यावर जे गुदरलं होतं, ते १९१९ साली संपलंही नव्हतं.

पण मला शेवटी सांगायचं होतं ते १९४४चं. वंशसंहार हा शब्द ज्या साली छापला गेला, तेच साल. त्या दिवसांत गॉर्की बायकोच्या माहेरच्या शेतावर, व्हर्जिनियात, राहायला जायचा. गवतात बसून फुलं, बोंडं, किडे यांची रेखाटनं करायचा. त्या साली त्यानं एक चित्र केलं. त्यात माणूस ओळखू येत नाही, घर ओळखू येत नाही. रंग टर्पेंटाइननं इतका पातळ केलेला, की तो कॅनव्हासवरून ओघळत खाली येतो. हिरवा, पिवळा, लाल. मध्येच फुलासारखं काही उमलतं, पानासारखं काही लवतं, आणि लगेच दुसऱ्या रंगात मिसळून जातं. हे चित्र आता सिॲटलच्या संग्रहालयात आहे.

त्याचं नाव मराठीत सांगते. ‘माझ्या आईचा नक्षीदार ॲप्रन माझ्या आयुष्यात कसा उलगडत जातो’.

नमस्कार.