'पर्क' की 'टॉपकॉन'? सगळी भानगड सेलच्या पाठीत

नमस्कार मंडळी! छतावर सोलर बसवायचं कोटेशन मागवलंत की दोन शब्द हमखास दिसतात. 'मोनो पर्क' आणि 'टॉपकॉन'. हे पॅनेलमधल्या सेलचे दोन प्रकार. टॉपकॉन महाग का, असं विचारलं की उत्तर येतं, "साहेब, नवीन टेक्नॉलॉजी आहे!" एवढ्यावर कोण पैसे मोजेल?

(सेल हातात धरून) हा सिलिकॉनचा सेल. जाडी मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी. ऊन पडलं की आत इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते तारेपर्यंत पोचले तर वीज, वाटेतच पुन्हा जागेवर बसले तर नुसती उष्णता. ही गळती सगळ्यात जास्त होते पृष्ठभागावर. तिथे स्फटिक संपतो, अणूंचे बंध अर्धवट लोंबकळत राहतात आणि इलेक्ट्रॉन त्यांत अडकतात.

1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेचा पहिला सेल होता जेमतेम 6 टक्क्यांचा, म्हणजे पडलेल्या उन्हातलं तेवढंच विजेत बदलायचा. पुढची बाजू लोकांनी सुधारत नेली. चकचकीत सिलिकॉन तिसरा हिस्सा प्रकाश परत फेकतं, म्हणून त्यावर बारीक पिरॅमिड कोरले, वर सिलिकॉन नायट्राइडचा थर दिला. पॅनेलचा निळा रंग त्या थराचा बरं का, सिलिकॉनचा नाही.

पाठीला मात्र कारखान्यांत वर्षानुवर्षं सरसकट ॲल्युमिनियम थापत होते. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या चमूने पाठीवर आधी विद्युतरोधक थर दिला आणि धातूला फक्त बारीक छिद्रांतून सिलिकॉनला टेकू दिलं. झालं पर्क! कारखान्यांत ते रुळायला मात्र तीसेक वर्षं गेली.

पण छिद्रापाशी धातू सिलिकॉनला टेकतोच, तिथे गळती उरतेच. टॉपकॉनमध्ये तेही नाही. मध्ये ऑक्साइडचा थर, दीड नॅनोमीटरच्या आसपास. त्यावर पॉलिसिलिकॉन, म्हणजे बारीक बारीक स्फटिकांचं सिलिकॉन, मग धातू. ऑक्साइड विद्युतरोधक, तरी इलेक्ट्रॉन त्याच्या आरपार जातात, कारण तो इतका पातळ आहे! याला टनेलिंग म्हणतात. मला तर हा प्रकार अजूनही जादूच वाटतो.

आता आपल्या उन्हाकडे या. पॅनेलवर छापलेले वॅट 25 अंशांवर मोजलेले असतात. नागपूरच्या मे महिन्यात पॅनेल 65 अंशांवर गेलं, तर दर अंशाला 0.35 टक्के घट धरून पर्क 14 टक्के गमावतं. टॉपकॉनची घट साधारण 0.30, म्हणजे 12 टक्के. फरक दोनच टक्क्यांचा, पण भर उन्हाळ्यात रोजचा.

नुसत्या सिलिकॉनची कमाल मर्यादा 29.4 टक्के धरतात आणि प्रयोगशाळा 27 च्या पुढे गेल्यात. म्हणून आता सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या, उन्हातून वीज करणाऱ्याच दुसऱ्या पदार्थाचा थर चढवतात. लाँगी कंपनीने 2023 मध्ये तसा 33.9 टक्क्यांचा सेल दाखवला. तो उन्हापावसात पंचवीस वर्षं टिकवणं हे खरं दुखणं आहे.

माझं विचाराल तर छत ऐसपैस असेल आणि पर्क स्वस्तात मिळत असेल, तर तेच घ्या. फ्लॅटच्या गच्चीत वाट्याला चारच पॅनेलची जागा येत असेल, तर टॉपकॉन. आणि डेटाशीटवर 'टेम्परेचर कोएफिशियंट'ची, म्हणजे दर अंशाला होणाऱ्या घटीची ओळ शोधा. 'पीमॅक्स' (कमाल वॅट) लिहिलेला आकडा बघायचा, उणे चिन्हासकट.