उंड्यांवरचं ओलं फडकं

विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच आहे: मेंदूतल्या चेतापेशीच्या टोकाला प्रथिनं कधी तयार व्हायची, हे मायक्रोआरएनए नावाचे आरएनएचे छोटे तुकडे कसं ठरवतात. त्याकडे वळतोच, पण आधी एका चित्राबद्दल बोललंच पाहिजे.

आपल्या सगळ्यांच्या वहीत पेशी गोल होती. मधे केंद्रक, भोवती ठिपके. चेतापेशी अशी नसते हो! तिला फांद्या असतात, आणि फांद्यांवर हजारो बारीक कोंब, ज्यांना आम्ही स्पाइन म्हणतो. शिकणं-आठवणं बऱ्याच अंशी या कोंबांच्या लहानमोठं होण्याशी बांधलेलं आहे.

एका शालेय विज्ञान प्रदर्शनात नववीतल्या मुलीनं हे चित्र काढलं होतं. रायबोसोमचे, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या कणांचे, ठिपके तिनं पार फांद्यांच्या टोकापर्यंत नेले होते, हिरव्या स्केचपेननं, एकेक करून. परीक्षकांनी बाहेरचे सगळे ठिपके लाल पेनानं खोडले आणि शेजारी लिहिलं, ‘प्रथिनं पेशीकायेत तयार होतात.’ पेशीकाय म्हणजे केंद्रकाभोवतीचा मधला भाग. पेन इतकं दाबून चालवलं होतं, की कार्डशीटच्या पाठीवर रेघा उठल्या होत्या. तक्ता माझ्यापुढे धरून ती म्हणाली, ‘सर, मी कुठेतरी वाचलं होतं.’ बरोबरच वाचलं होतं पोरीनं! १९८२ साली ओस्वाल्ड स्टुअर्ड आणि विल्यम लेव्ही यांनी स्पाइनच्या बुडाशी रायबोसोमचे पुंजके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते. तो तक्ता मला अजून छळतो. तिचं बक्षीस हुकलं ते एक वेळ सोडा. तिनं पुढे ठिपके काढायचे सोडले असतील तर?

असो. माझ्या मावशीकडे पुरणपोळीची पंगत असायची. स्वयंपाकघर मागे, पंगत पुढच्या अंगणात. पोळी पानात पडेस्तोवर गार. मग मावशीनं शेगडी अंगणाच्या कडेलाच मांडली. उंडे सकाळीच भरलेले, परातीत ओल्या फडक्याखाली. पान मांडलं, माणूस बसला, की फडक्याचा कोपरा उचलायचा, एक उंडा काढायचा, फडकं परत खाली. आम्ही मुलं मधेच उचलून बघायला गेलो, की हातावर लाटणं! (इथे बऱ्याच जणांनी ते खाल्लेलं दिसतंय.) उंडा वाळू द्यायचा नाही आणि वेळेआधी लाटायचाही नाही, एवढंच त्या फडक्याचं काम. माझं सगळं म्हणणं त्या फडक्यात आहे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. तर भरभर सांगतो.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा तुकडा. पहिला १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळांनी मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत उलगडला. पुढची सात वर्षं ती कृमीचीच काहीतरी गंमत समजली गेली. २०२४ मध्ये नोबेल मिळालं. हा तुकडा संदेशवाहक आरएनएच्या, म्हणजे केंद्रकातून प्रथिनाची कृती घेऊन येणाऱ्या संदेशाच्या, शेपटाकडच्या भागाला अर्धवट जुळून चिकटतो आणि प्रथिन बनू देत नाही. बऱ्याचदा संदेश नष्टही होतो, म्हणून पुस्तकं त्याला ‘जनुक बंद करणारा’ म्हणून मोकळी होतात. चेतापेशीच्या फांदीत मात्र हा शब्द अपुरा पडतो.

२००६ मध्ये मायकेल ग्रीनबर्ग यांच्या गटानं उंदराच्या चेतापेशीत मायक्रोआरएनए-१३४ पाहिला. स्पाइन वाढवायला लागणाऱ्या लिमके१ या प्रथिनाचा संदेश फांदीत हजर असतो, पण हा तुकडा त्याला अडवून धरतो. बीडीएनएफ हा वाढीचा संकेत आला, की अडवणूक सैल पडते आणि प्रथिन तिथेच बनायला लागतं. उंडा तयारच होता, फडकं तेवढं उचललं गेलं. त्याच वर्षी फळमाशीतही तसंच दिसलं. वास आणि विजेचा धक्का यांची सांगड शिकवली, की मायक्रोआरएनएच्या यंत्रणेतलं आर्मिटेज हे प्रथिन चेतासंधीपाशी, म्हणजे दोन चेतापेशी जिथे जोडल्या जातात तिथे, मोडीत निघतं आणि स्मृतीला लागणारं सीएएमके-२ हे प्रथिन तिथल्या तिथे बनतं.

आणि फडकं परत खाली येतं तेही जागेवरच. २०१७ मध्ये एरिन शुमन यांच्या गटानं एकेका स्पाइनला ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशी एकमेकींना संकेत द्यायला वापरतात ते रसायन, देऊन चेतवलं. मायक्रोआरएनए-१८१ए तिथे कच्च्या रूपात पडून होता; तो त्या स्पाइनच्या आसपासच कापला जाऊन कामाला तयार झाला, आणि तिथलं सीएएमके-२चं उत्पादन घटलं. केंद्रकाकडून निरोप यायची वाट कुणी पाहिली नाही.

प्रश्न घेऊ या. पहिला मान मागच्या रांगेतल्या शाळकरी मुलांचा.