डेलियाचे कंद पावसाळ्यात कुजतात? वडगावच्या काकांकडे चला

नमस्कार मंडळी! हे फूल बघा. मागे माझा हात आहे, बोटंसुद्धा दिसत नाहीत ना? जानेवारीचा महिना, आणि आपण बेळगावात, वडगावातल्या एका परड्यात उभे आहोत. हे काका आयुष्यभर मागावर बसले. आता माग गेला आणि त्या शेडच्या जागी डेलियाच्या कुंड्या आल्या. ‘नाव नको, तोंड नको’ म्हणालेत, म्हणून आज त्यांचे हात तेवढे दिसतील.

आधी माझी फजिती. गेल्या वर्षी ऑनलाइन सहा कंद मागवले. पाकिटावर छापलेलं, मे महिन्यात लावा. लावले. पुढे आपला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जुलैत कुंडी उकरली तर हाताला नुसता चिखल आणि वास! काकांना सांगितलं तर म्हणाले, "मे तिकडचा गं. आपल्याकडं मेमध्ये लावलंस तर कंदाची आंबील होणार की."

तिकडचा म्हणजे थंड देशांतला. तिथं हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून कंद काढून घरात ठेवतात आणि थंडी सरली की लावतात. आपण ते व्हिडिओ बघतो आणि तसंच करतो. इथं थंडीची भीती नाही, थंडी तर डेलियाला मानवते. इथं कंद सांभाळायचा तो पावसाळ्यात. फुलं संपली की काका पाणी तोडतात, झाड वाळू देतात, कंद काढून कोरड्या वाळूत पुरून ठेवतात. गणपती झाले की बाहेर.

आता गंमत ऐका. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगरांतला, आणि तिथं तो पावसाळ्यातच फुलतो! पण उतारावर, खडकाळ जागी, जिथं पाणी थांबतच नाही. म्हणजे वैर पावसाशी नाही, साचलेल्या पाण्याशी आहे. म्हणून ह्या कुंड्यांत खानापूरकडची तांबडी माती, भरपूर वाळू आणि जुनं शेणखत. काळ्या मातीला इथं प्रवेश नाही.

(कॅमेरा जवळ) हा कंद काकांनी मुद्दाम दाखवायला ठेवलाय. रताळ्यासारखा गुबगुबीत, पण फुटणार नाही. का? डेलियाचा डोळा कंदाच्या अंगावर नसतो, जुन्या खोडाला जिथं मान चिकटते तिथं असतो. मान मोडली, खोडाचा तुकडा सुटला, की कंद आंधळा. बटाट्यासारखे तुकडे करायला जाऊ नका. विकत घेताना आधी मान बघा, जाडी नंतर.

खोड पोकळ असतं, फुलाच्या वजनानं कडकन मोडतं. म्हणून काठी. आणि बांधलंय कशानं? मागाच्या उरलेल्या सुतानं! काठी आणि खोड ह्यांच्यामध्ये इंग्रजी आठचा आकडा, म्हणजे खोडाला काचत नाही. गाठ विणकराची, मला दोनदा दाखवूनही जमली नाही.

मग आली खुडणी. शेंड्याला तीन कळ्या येतात. काका मधली ठेवतात आणि बाजूच्या दोन अंगठ्याच्या नखानं उडवतात. मी विचारलं, तिन्ही ठेवल्या तर? "येतील की तीन फुलं. बघायला कोण येणार?" खरं सांगू, लहान फुलांच्या जातीत मी तरी खुडणार नाही. मला झुपकाच आवडतो. काकांना हे पटलेलं नाही.

शेवटी त्यांनी कात्री माझ्या हातात दिली, वाळलेली फुलं काढ म्हणून. मी एक काढलं.

"कळी होती ती."

गोल असेल ती कळी, टोकदार असेल ते संपलेलं फूल. हे मला कापल्यावर कळलं. पाण्यात ठेवली तर उमलेल ना, काका?

"नाही उमलत. डेलिया तोडायचा तो फुललेलाच."

ती कळी कागदात गुंडाळून त्यांनी माझ्याच पिशवीत टाकली.