महापौरांचं एक वाक्य

विषय ‘मदतीसाठीची मैफल आणि कॅमेरा’ असा छापलाय, त्याकडे येतोच. सायमन आणि गारफंकल या अमेरिकन गायक जोडीची ओळख या सभागृहात करून द्यायला नको. १९ सप्टेंबर १९८१, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, तिकीट नाही, समोर सुमारे पाच लाख माणसं. चित्रफितीची सुरुवात आठवा. महापौर एड कॉच येतात, दोघांची नावं घेतात आणि जातात. झालं! (हशा)

हसता काय? आमच्या गावी शाळेच्या छपरासाठी दोघी बहिणींचं गाणं ठेवलं होतं. त्याची कॅसेट माझ्याकडे आहे, दोन तास दहा मिनिटांची. समई वाऱ्यानं तीनदा विझली, पाहुण्यांनी तीनदा लावली, व्हिडिओवाल्यानं तीनदा टिपली. मग प्रास्ताविक. मग शाल-श्रीफळ. एका पाहुण्यांनी फोटो नीट आला नसेल म्हणून शाल काढून परत पांघरून घेतली. नारळ सतरा, मी मोजलेत. बहिणी बिचाऱ्या विंगेत तंबोरा जुळवताहेत, परत जुळवताहेत. अखेर ‘सा’ लागला आणि साडेतीन मिनिटांत बॅटरी संपली. आभारप्रदर्शनाला मात्र कुठून तरी दुसरी बॅटरी मिळाली. ते अकरा मिनिटं चाललं. करणारा मीच होतो. (हशा, टाळ्या)

गरज तिकडेही खरी होती. १९७५ साली ते शहर दिवाळखोरीच्या दारात उभं होतं. बागेतली हिरवळ जाऊन धूळ उरलेली, आणि मैफल त्या बागेसाठीच होती. पण मदतीचं आवाहन कसं, तर सायमन पोलिसांचे, अग्निशमन दलाचे, बागेच्या प्रशासनाचे, महापौरांचे आभार मानतो आणि त्याच ओघात सांगतो, की गांजाच्या सुट्या सिगारेटी विकणारेही आज निम्मी कमाई शहराला देताहेत! आपल्याकडे संयोजकांना रात्री चौकीवर बसवलं असतं.

चिठ्ठी आलीये. पाच मिनिटं. चहा तयार आहे, असंही लिहिलंय.

तर मुद्दा. तिकीट नाही, मग पैसा कुठला? एचबीओ या केबल वाहिनीवरचं प्रक्षेपण, चित्रफीत, दोन तबकड्यांचा संच, हे १९८२पासून. म्हणजे दानपेटी कॅमेराच होता. तरी दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग तो गाण्यावरून हलवत नाही. १९७० साली फुटलेली जोडी. गारफंकलला फक्त दोन गळे आणि गिटार हवी होती, सायमनला वाद्यवृंद. भांडण तालमीतच राहिलं, इथे सूर जुळलेले दिसतात.

दुसरं, पटकन. बीटल्सवाल्या जॉन लेननचा खून डिसेंबर १९८०चा, याच बागेच्या कडेला. त्याचा उल्लेख असलेलं नवं गाणं सायमन म्हणत असताना एक माणूस मंचावर धावून येतो. सायमन दचकतो, त्या माणसाला बाजूला नेतात, गाणं पुढे चालू. तबकडीत ते गाणंच नाही. चित्रफितीत दचकण्यासकट आहे, आणि मला ती हवी ते त्यासाठी.

तिसरा मुद्दा राहू दे, अध्यक्ष उठलेत. त्या बहिणींची साडेतीन मिनिटं फोनमध्ये आणलीयेत, चहाच्या टेबलापाशी लावतो. माझी अकरा पुढे ढकलता येतात.