न्हाणीचं पाणी आणि वाळ्याची मुळं

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळा लागला की आपण कूलर पुसून काढतो, त्याच्या ताट्यांत वाळा भरतो आणि पाणी सोडल्याबरोबर घरभर वास दरवळतो. तो वाळा म्हणजे एका गवताची मुळंच. त्याच मुळांचं सांदवाडीतलं, म्हणजे घरामागच्या परसातलं, एक काम आज सांगतो: न्हाणीचं पाणी साफ करण्याचं.

घरोघरी नळ आले, तसं न्हाणीतून वाहणारं पाणीही वाढलं. शोषखड्डा करावा, तर आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. मग डबकं साचतं आणि डास होतात.

त्यापेक्षा पाच-सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल चर खणा. तळाला जाड प्लास्टिक अंथरा, कारण उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात. वर गिट्टी, मग रेती, आणि त्यात वीतभर अंतरानं वाळ्याचे ठोंब. पाणी एका टोकानं शिरून रेतीखालूनच दुसऱ्या टोकाला निघालं पाहिजे. वर दिसलं की डास आलेच.

सगळी घाण झाडच पितं असं नाही. गिट्टीवर आणि मुळांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, तो घाण खातो. झाड त्यातलं नत्र आणि स्फुरद, म्हणजे आपलं खत, उचलतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची सांडपाणी साफ करायची 'फायटोरिड' पद्धत याच तत्त्वावर चालते.

माझा पहिला चर महिनाभरात तुंबला. भांड्यांचं तेलकट पाणी सरळ सोडलं होतं, दुसरं काय होणार! आता आधी एक जाळीचं मडकं ठेवतो, शितं आणि केस त्यातच अडकतात.

कर्दळही हे काम करते, फुलंही देते. पण ती मूळची अमेरिकेची. नाल्याकाठची बेशरमही तिकडचीच, आणि शेळ्यांना विषारी. आपल्याकडे वाळा आहे, पाणकणीस आहे, ते आधी लावा.

निघालेलं पाणी केळीला, पपईला द्या. कच्च्या खायच्या पालेभाजीला नको. आणि वणी, घुग्घुस या कोळसा खाणींकडच्या श्रोत्यांनो, कोळशाची धूळ कडुनिंब, करंज पानांवर अडवतात खरी, पण पावसात ती खालच्या मातीतच उतरते. त्या झाडांखाली भाजी लावू नका.

ठोंब मृगात लावा, पानं वीतभर ठेवून छाटा. पहिले दोन आठवडे साधंच पाणी घाला, नवी पालवी दिसली की मगच न्हाणीची मोरी चराकडे वळवा.