दावा मूळ नंबरावर घ्यायचा तर

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात सकाळी पुकारा सुरू झाला की शिपाई दाराशी येऊन नावं घेतो. वादी हजर? कुणीच नाही. बरेच न्यायाधीश फाईल बाजूला ठेवतात आणि दुपारी पुन्हा पुकारा करायला सांगतात. तरीही कुणी आलं नाही, तर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, ओळभर मजकूर पडतो: वादी व त्यांचे वकील गैरहजर, सबब दावा काढून टाकला. सहा वर्षं तारखा खाल्लेला दावा त्या एका ओळीत संपतो. मनाई हुकूम मिळालेला असेल, तर तोही त्याच्याबरोबर जातो.

माझ्याकडे येणारा पक्षकार बसायच्या आत विचारतो, "वकीलसाहेब, नवा दावा टाकायचा का?" मी म्हणतो, आधी रोजनाम्याची नक्कल काढा. त्या दिवशी प्रतिवादी हजर होता का, हे मला बघायचं असतं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश ९ मध्ये याचा सगळा हिशेब आहे. दोन्ही बाजू गैरहजर असतील, तर नवा दावा लावता येतो, अर्थात मुदत शिल्लक असेल तरच. प्रतिवादी मात्र हजर असेल आणि मागणी कबूल करत नसेल, तर त्याच कारणावरून नवा दावा चालत नाही. मग काढून टाकलेला दावाच मूळ नंबरावर घ्या, म्हणजे होता तसा पुन्हा चालू करा, असा अर्ज नियम ९ खाली करावा लागतो.

या अर्जाला मुदत तीस दिवसांची. १९६३ च्या मुदत कायद्यात अनुच्छेद १२२ आहे, तिथे ती दिली आहे. हे तीस दिवस दावा निघाला त्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही. इथे भलेभले फसतात. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे गैरहजेरीत विरुद्ध निकाल, झालेल्या प्रतिवादीला समन्सच नीट बजावलं नसेल, तर त्याचे दिवस कळल्यापासून धरतात. ते ऐकीव ज्ञान वादी स्वतःला लावून घेतो आणि निवांत बसतो. तिसावा दिवस सुट्टीत आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज चालतो. त्याहून उशीर झाला असेल, तर कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा.

आता कारण. पुरेसं कारण दाखवलं, तर कोर्टाने दावा परत घेतलाच पाहिजे, अशी नियमाची भाषा आहे. एका गृहस्थांनी अर्जात लिहून आणलं होतं, 'खडकवासल्यातून पाणी सोडल्याने भिडे पूल बंद होता.' राहायला नारायण पेठेत! मी विचारलं, "काका, शिवाजी पूल आणि डेंगळे पूल कुठे गेले होते?" ते हसले आणि खरं सांगितलं: तारीख डायरीत चुकीची लिहिली होती. आम्ही तेच लिहिलं आणि डायरीचं ते पान जोडलं. आजारपण असेल तर डिस्चार्ज कार्ड जोडा. वकिलाची चूक असेल, तर वकिलाने स्वतः प्रतिज्ञापत्र द्यावं. जड जातं, पण द्यावं. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलं आहे. म्हणून वर्षभर दाव्याची चौकशीच न करणाऱ्याला त्याची ढाल करता येईल, असं नाही.

अर्ज दिला म्हणजे दावा लगेच जिवंत होत नाही. समोरच्याला नोटीस निघते, तो म्हणणं देतो, बहुधा कडाडून विरोध करतो. मग कोर्ट अर्जदारावर खर्च बसवून अर्ज मंजूर करतं किंवा फेटाळतं. फेटाळला तर त्या हुकमावर अपील आहे.

धायरीच्या एका बाईंचा सामाईक भिंतीचा दावा असाच निघाला होता. सासूबाई अतिदक्षता विभागात होत्या आणि अर्ज सदतिसाव्या दिवशी पडला. सात दिवसांचा उशीर आम्ही दवाखान्याच्या एकेका पावतीनिशी दाखवला. पाचशे रुपये खर्च भरायच्या अटीवर दावा परत आला. आता बाईंनी ई-कोर्ट्सचं अॅप घेतलंय, दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, त्यात टाकलाय, आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी मला फोन येतो: "साहेब, उद्या आपलं बोर्डावर कितवं आहे?"