अंगठा तळहातात मुडपलेला

(दृश्य: लेकराचा हात, अगदी जवळून.)

चार बोटं सुटी, पण अंगठा तळहातात मुडपलेला. हलक्या हातानं सोडवला तरी पुन्हा आत. डोकं महिन्यागणिक वाढतंय, टाळू तटतटून आलीय. बीडकडं काय, परभणीकडं काय, अशा वेळी बोट आईकडंच वळतं: ग्रहणात हिनं विळी धरली असणार. नाहीतर मामाच्या पोरीशी लग्न लावलं, भोगा आता.

दोन्ही खोटं. ग्रहणाचा काही संबंध नाही, आणि डोक्यात पाणी साठण्याच्या या आनुवंशिक आजारात नात्यातल्या लग्नाचाही नाही.

दोष आहे तो एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळच्या एल-वन-कॅम या जनुकात. त्यातून 1257 अमिनो आम्लांचं प्रथिन तयार होतं आणि वाढत्या चेतातंतूंच्या अंगावर बसतं. पंचमीच्या फुगडीत पोरी एकमेकींचे हात धरतात, तसा या प्रथिनाचा रेणू शेजारच्या तंतूवरच्या आपल्याच जातीच्या रेणूला धरतो. त्या आधारानं तंतू मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत वाट काढतात. पकड सुटली तर हातापायांना हुकूम नेणारा हा तंतूंचा जुडगा बारीकच राहतो. मग पाय ताठ होतात, अंगठा आत वळतो. मेंदूतलं पाणी वाहून नेणारी वाटही बऱ्याचदा अरुंद असते, पाणी तुंबतं.

डोक्यात पाणी होण्याची कारणं पुष्कळ. हा प्रकार साधारण 30,000 मुलग्यांत एकाला. अशा घराण्याचं वर्णन बिकर्स आणि अ‍ॅडम्स या डॉक्टरांनी 1949 मध्ये केलं, जनुक हाती लागलं 1992 मध्ये.

(दृश्य: ऊसतोडीचा तळ, कोप्या, चुली.)

सोनोग्राफी पाचव्या महिन्यात होते. तेव्हा सगळं ठीक दिसून पाणी नंतरही वाढू शकतं, आणि तोवर बाई कारखान्याच्या तळावर पोचलेली असते. शंट, म्हणजे डोक्यातून पोटात सोडलेली नळी, दाब उतरवते. न जुळलेले तंतू मात्र ती जुळवत नाही. हे घरच्यांना ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं.

आई वाहक असेल, म्हणजे तिच्या दोनपैकी एका एक्स गुणसूत्रावर हा दोष असेल, तर प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी. मुलगी वाहक होण्याचीही निम्मी. तिला स्वतःला बहुधा त्रास नसतो. म्हणून विचारायचं ते माहेरचं: बाई, तुमच्या भावांत, मामांत असं कुणी होतं का?

2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या. तिथं गर्भाच्या तपासणीचं नाव काढलं तरी माणसं दबकतात, आणि ते बरोबरच आहे. पण लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीला कायद्यानं वाट ठेवलीय. लिंग सांगायला तेव्हाही बंदीच.

तपासणीची सुरुवात मात्र आजारी लेकरापासून. या जनुकात दोनशेहून अधिक बदल सापडलेत, बहुतेक घराण्यांचा वेगळा. लेकराच्या रक्तात नेमका कोणता, हे कळलं की आई, मावशी, बहीण यांची तपासणी सोपी होते. यातली बरीच लेकरं फार जगत नाहीत. नमुना आधीच घेऊन ठेवावा.